लेडल हातात आणि मतदान सुरू

"ओता! कुणाची वाट बघताय?" भट्टीवाला ओरडला.

"वतू नका! साचा ओला शे!" साचेवाला त्याच्याहून मोठ्यानं ओरडला. एरवी तो आमच्यापेक्षा शुद्ध बोलायचा, पण घाबरला की थेट नामपूरला, गावच्या अहिराणीत पोचायचा.

मधे मी. माझ्या दोन्ही हातांत लोखंडी दांडा, दांड्याच्या मधोमध लेडल, म्हणजे बादलीएवढं भांडं, आणि त्यात वितळलेलं लोखंड. सूर्याचा एक तुकडा कापून सातपूरला आणून ठेवावा, तसं. त्या झळीनं माझ्या मिशीचा डावा अर्धा भाग जळाला, तो पुन्हा नीट उगवलाच नाही. आजही विश्वास नसेल तर येऊन बघा. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला मालेगावचे चाचा. लेडल कलती करायची मूठ त्यांच्याकडे. माझ्याकडे नुसतं वजन.

साचा खरंच ओला असला, तर रस आत पडताच वाफ कोंडणार आणि लोखंड कारंज्यासारखं उडणार. साच्याच्या सगळ्यात जवळ माझे पाय होते. आणि ओतलं नाही, तर रस लेडलमध्येच थिजणार, लेडल कायमची बाद. शिवाय दारात पंपवाला शेठ हाताची घडी घालून उभा. आज पंपाचं कव्हर ओतून मिळालं नाही, तर ज्यावरून साचा घेतला तो आपला लाकडी पॅटर्न उचलून जाईन, असं त्यानं सकाळीच सांगितलं होतं. आमच्याकडे आलेलं ते पहिलं काम, आणि दुसरं कुठलंही नव्हतं. ते गेलं की पाचही जणांनी पुन्हा जुन्या कंपनीच्या गेटवर जाऊन सलाम ठोकायचा.

त्या कंपनीत आमच्या डोक्यावर चार्जहँड, त्याच्यावर फोरमन, त्याच्यावर सुपरवायझर, त्याच्यावर इंजिनिअर, आणि त्याच्यावरचे ढगांत. एकदा उन्हाळ्यात आम्ही पंख्यासाठी अर्ज केला. तो जिना चढत वर गेला आणि मंजुरी उतरत खाली आली तेव्हा नाशिकची थंडी ऐन भरात होती. वरून आलेला हुकूम, मोडणार कोण? आम्ही स्वेटर घालून, कानाला मफलर बांधून पंख्याखाली काम केलं. दोघांना न्यूमोनिया झाला, आणि त्यांच्या रजेचा अर्जही त्याच जिन्यानं गेला.

म्हणून पाच जण बाहेर पडलो, त्र्यंबक रस्त्याच्या बाजूला पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आणि ओतकाम सुरू केलं. आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते, लोकशाहीला नुसता ऊत आला होता. आमच्याकडे साहेब नाही, फोरमन नाही, सगळे मालक. जे ठरेल ते मतानं. पाच जण मुद्दाम, म्हणजे मतं सारखी पडायला नकोत. आधी तोंडी मत चालायचं, पण भट्टीवाल्याचा आवाज तिघांएवढा, सगळे ठराव तोच जिंकायचा. तेव्हा पाचवा भागीदार, जुना युनियनवाला, त्यानं दुरुस्ती आणली: हात वर केला तरच मत. ती आम्ही एकमतानं, हात वर करून मंजूर केली. मीसुद्धा.

"मत घ्या," तो युनियनवाला म्हणाला. "ओतायच्या बाजूचे?"

भट्टीवाल्याचा हात वर.

"विरोधी?"

साचेवाल्याचा हात वर. युनियनवाल्यानं स्वतःचं मत राखून ठेवलं. तो म्हणाला, आधी दोन मतं यायची आहेत, ती येऊ देत.

"माझं विरोधात धर," मी म्हणालो.

"हात?"

"हात कुठून आणू? तिसरा फुटलाय का मला?"

नियम म्हणजे नियम, असं तो तोंडातल्या तोंडात पुटपुटला, पण माझ्या नजरेला नजर देईना. भट्टीवाल्यानं सांगितलं, रस निवून लाल पडायला लागलाय. साचेवाला आडवा येऊन साच्यासमोर उभा राहिला. शेठनं दारातूनच विचारलं, "इथला साहेब कोण आहे?" आम्ही पाचही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू, त्या घटकेला ढगांतला एखादा साहेब उतरला असता, तर मी लेडलसकट त्याच्या पाया पडलो असतो. रस काठाशी हिंदकळत होता, एक थेंब बुटावर पडला आणि चामड्याचा वास आला.

तेवढ्यात चाचा चालायला लागले.

साच्याकडे नाही, आडवे, कोपऱ्यातल्या कोरड्या वाळूकडे. दांडा एकच, तेव्हा मलाही खेकड्यासारखं जावं लागलं. कोपऱ्यात पोचल्यावर त्यांनी मूठ फिरवली. सगळा रस वाळूवर पसरला, लाल झाला, मग काळा. कुणाचे पाय गेले नाहीत, लेडल वाचली. शेठ आत आला, आपला पॅटर्न काखेत मारला आणि जीपकडे गेला.

मग सभा बसली. साचा फोडला, तर त्याची वाळू भट्टीवाल्याच्या मुठीत कोरडी भुरभुर सुटायची आणि साचेवाल्याच्या मुठीत तिचा ओला लाडू वळायचा. भट्टीवाला म्हणत होता, बुडवलं. साचेवाला म्हणत होता, वाचवलं. चाचा भिंतीला टेकून दंड चोळत होते. युनियनवाल्यानं त्यांना कायदेशीर सुरात विचारलं, "चाचा, ठराव झाला नव्हता. कुणाच्या हुकमानं ओतलंत?"

"हात भरून आले होते," चाचा म्हणाले.