डिक्कीत झोपून ऐकलेला आवाज

गाडी परत आली ती धुतलेली होती, आणि मला तिथंच शंका आली. जावई सासऱ्याची गाडी चार दिवस नेतो तेव्हा ती परत येताना सीटखाली चिवड्याचा चुरा असतो, रिकाम्या बाटल्या असतात आणि टाकीत डिझेल जेमतेम असतं. ही मात्र चकाचक. टाकी फुल, चटया झटकलेल्या. तीस वर्षं सरकारी कचेरीत फायली तपासल्यावर एवढं कळतं की जी फाईल फारच नीटनेटकी असेल ती आधी उघडून पाहावी.

जरीपटक्याहून माझी लेक, जावई, तिचे सासू-सासरे आणि नणदेचं कुटुंब असे सगळे चिखलदऱ्याला गेले होते. त्यांची लहान गाडी व्याही चालवणार होते, आणि माझी मोठी गाडी जावई. लेकीला गाडी येत नाही. ती अठरा वर्षांची असताना मी महिनाभर शिकवायचा प्रयत्न केला होता, पण जमलं नाही. काहींना नसतं जमत.

दोन दिवसांनी आम्ही नवराबायको नरखेडला एका लग्नाला निघालो. शहर सुटलं, काटा साठच्या पुढे गेला आणि मागून कुंई असा आवाज सुरू झाला. बारीक, एकसुरी, कानाशी डास अडकल्यासारखा. पन्नासवर आलो की बंद, साठ ओलांडले की पुन्हा सुरू. पायडलवरचा पाय काढला की सूर थोडा खाली यायचा, दाबला की पुन्हा चढायचा.

"ऐकू येऊन राहिला का तुले?" मी बायकोला विचारलं.

"मले फक्त तुमचाच आवाज येऊन राहिला," ती म्हणाली. पण काटोलच्या पुढे तिनंही मान वळवून मागं पाहिलं.

लग्नाच्या मांडवाबाहेर मी गाडीखाली वाकलो. मागच्या बंपरखाली एक लोखंडी कडी असते, बंद पडलेली गाडी ओढायला. चार वर्षांत मी तिला हात लावला नव्हता. तिच्यावरचा रंग खरवडून खालचं लोखंड चमकत होतं, आणि एका बाजूला निळ्या नायलॉनच्या दोरीचे चार धागे अडकले होते. घाटात माझ्या गाडीनं काहीतरी ओढलं होतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ते धागे रुमालात बांधून खिशात ठेवले.

"मी फोन लावतो त्याले," मी म्हणालो.

बायकोनं माझ्या हातातून फोनच काढून घेतला. "जावयाले असं विचारत असतात काय? धोंड्याचा महिना लागून राहिला. जेवण होऊ द्या सुखानं. त्याच्या आधी एक शब्द बोललात न, तर मी सांगून ठेवते, या वेळी पोरगी चार महिन्यांत नाही यायची. कधीच नाही यायची."

चार महिने हे नुसतं बोलणं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात जावयानं हौसेनं आमच्या कूलरमध्ये पाणी भरलं, नळ बंद करायला विसरला आणि हॉलभर पाणी झालं. मी घसा साफ केला आणि एवढंच म्हणालो की घरी पाणी भरायची सवय दिसत नाही. जावई हसला. लेकीनं मात्र तेव्हाच्या तेव्हा बॅग उचलली. तिचा जरीपटका ते आमचा सक्करदरा, एकाच शहरात, रस्ता मोकळा असेल तर अर्ध्या तासाचा. त्या अर्ध्या तासावरून माझी लेक चार महिने आली नाही. बायको डबे घेऊन तिकडे जायची, आणि मी लेकीचा आवाज ऐकायचो तो बायकोच्या फोनमधून, स्वयंपाकघराच्या दाराआडून. मी तिच्यासाठी किती तळमळलो हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आता पुन्हा तेच नको होतं. म्हणून गप्प बसलो.

गप्प बसणं मला मानवत नाही. गाडीत बसलो की तो आवाज, घरी आलो की बायकोची नजर. एका गॅरेजवाल्यानं टायर बदलायला लावले, दुसऱ्यानं पट्टा. आवाज जागचा हलला नाही. शेवटी आमच्याच भागातल्या जुन्या मिस्त्रीकडे गेलो. माझ्या आधीच्या दोन्ही गाड्या त्याच्याच हाताखालून गेलेल्या. त्यानं गाडी रिंग रोडवर नेली, सत्तरवर चौथ्या गिअरमध्ये ऐकली, सत्तरवरच पाचव्यात ऐकली, आणि परत येऊन हात पुसत म्हणाला, "काका, इंजिनचा नाही हा. एक तर गिअरबॉक्स, नाही तर मागचं डिफरन्शियल. मागच्या दोन चाकांच्या मधात तो लोखंडी गोळा दिसते न, तो. मले एकच सांगा. गाडीनं काही ओढलं काय? पहाडात, चढावर?"

खिशातल्या रुमालावर माझा हात गेला. "नाही," मी म्हणालो.

"पक्कं?"

"पक्कं."

"मग गिअरबॉक्स उतरवा लागन. पंधरा दिवस धरून चाला. ओढलं असतं तर मी सरळ मागचंच खोललं असतं."

का नाही सांगितलं? मिस्त्रीला सांगितलं म्हणजे सगळ्या सक्करदऱ्याला सांगितलं, ही बायकोची भीती होतीच. पण खरं कारण ते नव्हतं. तो आवाज जाण्यापेक्षा मला कबुली जास्त हवी होती. जावयानं माझ्यासमोर उभं राहावं आणि म्हणावं, बाबा, चूक झाली. ते तोच म्हणेल, माझ्या तोंडून येणार नाही, असा माझा हट्ट. मी मिस्त्रीला म्हणालो, आठ दिवस थांब, घरी एक जेवण आहे.

ते जेवण मी जन्मात विसरणार नाही. पारा पंचेचाळीसच्या वर. कूलर नुसती ओली वाफ फेकत होता. जावई पाटावर, समोर तेहतीस अनारसे, ताटाभोवती रांगोळी, आणि त्याच्या अगदी समोर मी, सोवळं नेसून, उघड्या अंगानं, घामानं निथळत. मीच त्याला ओवाळलं, कपडे दिले, नमस्कारसुद्धा केला. अधिक महिन्यात जावई म्हणजे देव, तेव्हा देवाला कसं विचारणार की तू माझ्या गाडीला काय बांधलं होतंस?

दोनदा मी घसा साफ करायला गेलो. माझ्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी बोलण्याआधी घसा साफ करतो, आणि घसा साफ केला की पुढे काही चांगलं येत नाही. पहिल्यांदा बायकोनं झटकन जावयाच्या पानात धोंडा वाढला, "घ्या न, पुरण जास्त घातलं आहे." दुसऱ्यांदा लेकीच्या हातातलं वरणाचं भांडं जिथल्या तिथं थांबलं. मी पाणी पिऊन खाकरणं गिळलं. जावई माझ्याकडे पाहून निवांत हसला, आणि ते हसू मला फार झोंबलं. याला ठाऊक आहे मी अडकलो आहे, असं वाटलं.

लेक त्या दिवशी मुक्कामाला राहिली. सकाळी मी मिस्त्रीकडे जायला गाडीची किल्ली उचलली तर ती चपला घालून दारात उभी.

"मी येते तुमच्यासंगं, बाबा."

"कायले? उन्हात?"

"येते."

नवऱ्याची बाजू राखायला येते आहे, असं मी समजलो.

मिस्त्रीनं या वेळी वेगळीच तऱ्हा काढली. गिअरबॉक्स खोलायच्या आधी एकदा आवाजाची जागा धरायची म्हणाला. "मी चालवतो. कोणीतरी मागं झोपून फरशीले कान लावायचा. माझा कान समोर राहते, मले मागचं नाही समजत." मागची सीट त्यानं आडवी पाडली. लेकीला आत झोपवणं बरं दिसेना, म्हणून मीच सरपटत शिरलो. "एसी बंद, पंखा बंद, काचा बंद," तो म्हणाला. "हवेचा आवाज नाही पाहिजे. घबरावू नका काका, दहा मिनिटं." लेक पुढे त्याच्या शेजारी बसली, आणि डिक्कीचं दार वरून बंद झालं.

मी एका कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, उजवा कान गालिच्यावर. गालिच्याला डिझेलचा आणि जुन्या रबराचा वास. घाम नाकावरून ओघळून कानात जात होता. आतून उघडायला कडी नाही, आणि कान उचलला तर जागा हुकणार. गाडी रिंग रोडला लागली. साठ झाले असावेत, आणि तो आला. या वेळी दूर कुठून नव्हे, थेट माझ्या गालाखालून, दात शिवशिवतील असा. जागा सापडली होती.

पुढे वळायला मिस्त्रीनं वेग कमी केला. आवाज थांबला, आणि त्या बंद गाडीत पुढचा शब्द न् शब्द मागं येऊ लागला. लेकीला वाटलं असेल, बाबांचा कान खाली आहे.

"भाऊ, ह्या गाडीनं ओढलं आहे," ती हळूच म्हणाली. "घाटात. सासऱ्यांच्या हातून लहान गाडीचा क्लच जळला. दोरी बांधून वरपर्यंत आणली."

"मंग जावईबापूनं सांगा लागत होतं न काकांले."

"हे नव्हते चालवत. बंद गाडीले ब्रेक धड लागत नाही, म्हणून हे त्या गाडीत बसले. ही मी चालवली."

"तुम्ही? घाटात?"

"दोन वर्षं झाली शिकून. ह्यांनीच शिकवलं. पण बाबांले सांगू नका. लग्नाआधी शिकवताना असे ओरडले होते न, भर चौकात गाडी सोडून मी पायी घरी आली होती. अजून त्यांनी घसा साफ केला की माझा हात जागीच थांबते. हे म्हणाले, माझं नाव लागू दे. जावयाले ते काही बोलू शकत नाही. कूलरच्या वेळीही नळ मीच उघडा ठेवला होता."

गाडी वळली, वेग वाढला आणि माझ्या गालाखाली पुन्हा कुंई सुरू झाली. मला बाहेर पडायचं होतं. ओरडून गाडी थांबवायला सांगता आलं असतं, पण ओरडणार कोणत्या तोंडानं? तो चौक मला आठवत होता. मी घरी आणि कचेरीत ती गोष्ट हसत हसत सांगत आलो होतो, पोरगी कशी फणकाऱ्यानं उतरून गेली म्हणून. ती चालताना रडत होती का, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मी गाडी बाजूला घेण्यात गुंतलो होतो.

दार उघडलं तेव्हा मिस्त्रीनं हात देऊन मला बाहेर काढलं. "सापडला का काका?"

"मागूनच येते. डिफरन्शियल खोल," मी म्हणालो. "आणि ऐक, गाडीनं ओढलं आहे. मले माहीत होतं. मीच खोटं बोललो."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही, खाली वाकून पाहत राहिलो. मिस्त्रीनं बोल्ट सोडला. तेल जेमतेम पेलाभर निघालं, काळंकुट्ट, आणि त्यात चांदीच्या वर्खासारखी लोखंडाची पूड चमकत होती. ओढताना तापून सील गेलं, तेल गळत राहिलं, आतलं बेअरिंग कोरडं घासलं. पहिल्याच आठवड्यात आणली असती तर सील आणि तेलावर भागलं असतं, तो म्हणाला. माझ्या हट्टानं बेअरिंग खाल्लं होतं. त्यानं नवं तेल भरलं आणि सोमवारी यायला सांगितलं. तोवर पन्नासच्या आत चालवा म्हणाला.

मी किल्ली लेकीपुढे धरली. "माझा कान दुखून राहिला. तू घे."

ती क्षणभर थांबली. मग बसली, आणि न पाहता सीटखाली हात घालून सीट पुढे ओढली, आरसा एका बोटानं खाली केला. दोन वर्षांत चांगलीच तयार झाली होती. सक्करदऱ्याच्या चौकात एक ऑटो आडवा आला, तिनं शांतपणे ब्रेक दाबला आणि सोडला. गिअर पडल्याचं कळलंसुद्धा नाही. मी इतकं सफाईदार चालवत नाही. पुढे आमच्या भागातल्या तलावाशी रस्ता मोकळा मिळाला, आणि मला वाटलं, हे तिला आत्ताच सांगावं. छान चालवतेस म्हणावं. घाटात, दोरीनं, सासू-सासऱ्यांना घेऊन, शाबास म्हणावं.

मी घसा साफ केला.

तिनं करकचून ब्रेक मारला. समोर काहीच नव्हतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट, खांदे वर आलेले, डोळे समोरच्या रिकाम्या रस्त्यावर.

"काय चुकलं, बाबा?"

"काही नाही चुकलं," मी म्हणालो. "तुझं काहीच नाही चुकलं."

मागच्या स्कूटरवाल्यानं हॉर्न वाजवला. तिनं मान हलवली, पहिला गिअर टाकला आणि गाडी हळूच पुढे काढली. घर येईपर्यंत माझा घसा खवखवत राहिला, आणि मी तो साफ केला नाही.