एमिलचा पिवळा रुमाल

एमिल कोवांडा आठवडाभर गॅसचा टँकर चालवतो आणि अमेरिकन फुटबॉलच्या दिवसांत शाळांच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो. नेब्रास्कातल्या आमच्या भागात त्याच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस सापडत नाही. मी बावीस वर्षं शोधतोय.

आम्ही एकाच टोळीतले पंच. तो पार मागे, मी रेषेवर. लांब फेकलेला चेंडू पोचायच्या आत झेलणाऱ्याला कोणी धरलं, की नुसतीच धक्काबुक्की झाली, हे ठरवणं सगळ्यांत अवघड. आम्ही बाकीचे घाईने कमरेचा पिवळा रुमाल, म्हणजे दंडाची खूण, मैदानात फेकतो आणि पस्तावतो. एमिल एक श्वास थांबतो, मग फेकतो. एकदा एक कोच त्याच्यावर ओरडला, "अरे आंधळ्या, डोळे फुटलेत का तुझे?"

"बायकोही तेच म्हणते, कोच. चष्मा बदलायला टाकलाय."

कोच चक्क हसला. मी असं बोललो असतो तर माझी गचांडी धरली असती.

राज्याच्या अंतिम सामन्याला पंच म्हणून तो तीनदा लिंकनला जाऊन आला, मी एकदाही नाही. सांगूनच टाकतो, मी जळायचो. त्याच्या घरचं चिलीचं झणझणीत कालवणसुद्धा मला गोड लागायचं नाही.

यंदा आमच्यातला एकच जण लिंकनला जाणार होता. शनिवारी दुपारी बाद फेरीचा सामना, आणि पंचांची निवड करणारा व्हर्गिल वही घेऊन वर प्रेक्षकांत बसलेला. शेवटच्या मिनिटाला चेंडू सुटला आणि माझ्या डोळ्यांदेखत बचावातल्या एका आडदांड पोराच्या बोटांना निसटता लागला. चेंडूला असा हात लागला की पुढे झेलणाऱ्याला धरलं तरी दंड नाही. मागून एमिलला ते दिसणं शक्यच नव्हतं. तिथे धराधरी झाली, तो श्वासभर थांबला आणि रुमाल पडला.

अशा वेळी ज्याने पाहिलं त्याने धावत जाऊन सांगायचं आणि रुमाल उचलायचा, ही आमची रीत. एमिलने माझ्याकडे पाहिलंसुद्धा. मी बुटांकडे बघत राहिलो. दंड लागला, पुढच्याच खेळीत सामना फिरला आणि हरलेली पोरं ढसाढसा रडली. व्हर्गिल वहीत काहीतरी लिहीत होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रविवारी चर्चनंतर एमिलने मला घरी बोलावलं.

"ड्वेन, हरलेल्या पोरांच्या कोचने फोन केला. चेंडूला बोट लागलं होतं म्हणे. मी लगेच व्हर्गिलला कळवलं, चूक माझी, माझं नाव काढा आणि ड्वेनला पाठवा. तो तयार झाला."

"मला?"

"मग काय! ये, कोचने चित्रफीत पाठवलीय, बघू तरी काय झालं ते."

त्याने ती लावली. चेंडू सुटला, बोटांना लागला. कडेला मी उभा होतो. चेंडूला हात लागल्याची खूण करायला माझे दोन्ही हात डोक्यावर निघाले, अर्ध्यात थांबले आणि हळूच खाली आले.

एमिलने ते मागे घेऊन पुन्हा पाहिलं. मग चित्रफीत बंद केली.

"व्हर्गिलला तू फोन करतोस," त्याने विचारलं, "की मी करू?"

आवाज जराही चढला नव्हता. आणि त्या क्षणीसुद्धा, देवाशपथ, मला त्याचा हेवाच वाटला.