धोंड्याचे वाण आणि कारल्याचा रस

माझ्या वाडीत कारली पिकायची आणि माझ्या लघवीत साखर. पहिली गोष्ट जळगाव जामोदच्या अख्ख्या बाजाराला ठाऊक होती. दुसरी, पुण्याकडून नव्यानेच आलेल्या डॉक्टरांनी शोधून काढली. त्यांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात माझे थेंब टाकले आणि खाली दिवा लावला. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी नळी विटेसारखी लाल झाली.

“मधुमेह,” डॉक्टर म्हणाले. “गोड बंद. जेवण मोजकं. महिन्यानं परत या. साखर उतरली नाही, तर रोज सुई घ्यावी लागेल.”

रोज सुई! लहानपणी देवी टोचणारा गावात आला की मी ज्वारीच्या कणगीत जाऊन बसायचो. (एकदा तो गेल्यावरही बाहेर आलो नाही, तेव्हा आईने वरून ज्वारी ओतायला घेतली होती.) आता पोट एवढं वाढलेलं की कणगीत शिरायचीही सोय उरली नव्हती. काहीही करून साखर उतरवणं भाग होतं.

बाजारात जो भेटेल तो औषध सांगे. कोणी कारलं म्हणे, कोणी कडुलिंबाचा पाला, कोणी मेथी, कोणी जांभळाच्या बियांची पूड. मी म्हटलं, एकेक कशाला, सगळं एकदम घेऊ. बायको, सुमन, हे सगळं पाट्यावर वाटून फडक्यातून गाळायची आणि मी नाक दाबून गिलास रिकामा करायचो. ते पाणी नरड्याखाली उतरलं की कानापर्यंत कडू व्हायचं. आयुष्यभर कारली विकली, पण खाल्ली कोणी होती? घरात कारल्याची भाजी झाली की मी पिठलं मागणारा माणूस.

तेवढ्यात अधिक महिना लागला आणि वडनेर भोलजीहून सासरेबुवांचा निरोप आला, धोंड्याला या. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे लक्ष्मीनारायण. त्याला पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, ताम्हणात अनारसे ठेवून दिवा लावून वाण द्यायचं. जावई गेला नाही तर अख्खं गाव विचारणार.

“चला, पण तोंडाले कुलूप लावा,” बरोबर निघालेली सुमन म्हणाली.

लावलं. पहिल्याच पंगतीत तुपात निथळणारे धोंडे ताटात आले आणि मी ताट सरकवलं. सासूबाईंचा चेहरा पडला.

“काऊन हो जवाईबुवा, काही चुकलं काय आमचं?”

“नाई मामीजी. मले भाजी-भाकर द्या. अन् रोज सकाळी माह्या रसाचा एक गिलास.”

रसाची कृती सांगितली. कारली मी घरून पोतंभर नेलीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गिलास आला. मी नाक दाबलं, डोळे मिटले, प्यालो आणि डोळे उघडले. कडू होता, पण कान शाबूत होते. पुढे पुढे तर नाक दाबायची गरजच उरली नाही. मला वाटलं, जीभ ताब्यात आली, आता रोग कुठे जातो! मी संध्याकाळचाही गिलास सुरू केला. मग दुपारचा.

माणसाला गुण आला की तो गप्प बसत नाही. ओसरीवर मी गावकरी जमवले आणि जिभेवर ताबा कसा मिळवावा यावर बोलू लागलो. माझा धाकटा साळा सुधाकर याने माझ्या गिलासातला घोट घेतला आणि मिटक्या मारल्या.

“भाऊजी, हे तं पन्ह्यावानी लागून राह्यलं.”

“तुले काय समजते बे? अवषध हाय हे. मनावर ताबा पाह्यजे, मग सारंच गोड लागते.”

माणसं मान डोलवत होती. सासूबाई दाराआड पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मला वाटलं, जावयाचं कौतुक ऐकून त्यांना भरून आलंय.

महिना सरला. छाती पुढे काढून मी दवाखान्यात गेलो. माझा पराक्रम पाहायला सासरेबुवा मुद्दाम बरोबर आले. सुमनही होती आणि तिच्या पिशवीत सासूबाईंनी वाटेसाठी दिलेली रसाची बाटली. डॉक्टरांनी दिवा लावला. नळी हिरवी झाली, पिवळी झाली आणि लाल झाली. मागच्यापेक्षा लाल.

“काय खाल्लंत?” डॉक्टरांनी विचारलं.

“एक धोंडा खाल्ला नाई. विचारा मामाजीले.”

“नाई खाल्ला,” सासरेबुवा म्हणाले. “म्या सोता पाह्यलं.”

“मग प्यायलात काय?”

मी बाटली पुढे केली. डॉक्टरांनी दुसऱ्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात माझ्या औषधाचे थेंब टाकले आणि दिव्यावर धरलं. नळी लालभडक झाली. सासरेबुवा छताकडे पाहू लागले.

“म्या फकत मध टाकला,” शेवटी ते म्हणाले. “चमचाभर. सातपुड्यातला, चोखा मध हाय. गूळ तं तुमच्या सासूनं टाकला.”

“गूळ?”

“मंग? धोंड्याच्या महिन्यात जवायाले कडू पाजाव काय? लक्ष्मीनारायनाले कोनी कारल्याचा निवद दावते काय?”

मी सुमनकडे पाहिलं. ती पिशवीचा बंद सारखा करत होती.

“मले वाटलं, आई काई टाकत नसंल,” ती म्हणाली. “तुमचं तोंड पाहवत नव्हतं. म्हून म्याबी मंग जरासा टाकत होती.”

म्हणजे तिघं, एकमेकांच्या नकळत, माझ्यावरच्या मायेपोटी, दिवसातून तीनदा. रागवायचं तरी कोणावर? तेवढ्यात डॉक्टरांनी उकळत्या पाण्यातून सुई बाहेर काढली आणि माया वगैरे सगळं एकदम विसरायला झालं.

मी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरल्या. माझं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून डॉक्टर गोड आवाजात बोलू लागले.

“काय करता आपण?”

“भाजीची वाडी हाय.”

“अरे वा. काय लावता?”

सासरेबुवा तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणालो,

“वांगे.”