शोभेची खूण

मार्लिस ट्वेट जन्माची भित्री. गाडीला कुलूप लावलं की नाही हे बघायला अर्ध्या वाटेवरून परत जाणारी. आणि नशीब बघा, काम मिळालं ते असलं! अमेरिकेतल्या डलुथ गावच्या विद्यापीठात, ग्रंथालयाच्या तळघरात बसून ती प्राध्यापकांनी दिलेली अभ्यासाची पानं अंध मुलांना कॉम्प्युटरवर ऐकता येतील अशी करायची. प्रत्येक चित्र शब्दांत लिहायचं. नुसती वेलबुट्टी असेल तर 'शोभेचं' अशी खूण करायची, म्हणजे कॉम्प्युटरचा वाचणारा आवाज ते चित्र गाळून पुढे जातो. ऐकणाऱ्याला तिथे काही होतं याचा पत्ताही लागत नाही. मार्लिसला धास्ती असायची ती याचीच.

रॉझ ब्यूलियू रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, जन्मांध आणि जिभेने तिखट. प्रयोगाच्या पानापानावर कोपऱ्यात शोभेपुरता काढलेला तोच चंबू होता. "काचेचा चंबू, काचेचा चंबू ऐकून कान किटले माझे," असं तिने सुनावलं, तेव्हा मार्लिसने कोपऱ्यातली सगळी चित्रं एकदम निवडली आणि शोभेची करून टाकली.

आज प्रयोगशाळेत जाता जाता रॉझ आभार मानून गेली. ती गेल्यावर मार्लिसने सवयीने पानं पुन्हा चाळली. शेवटच्या पानावर कोपऱ्यात चंबू नव्हताच. दोन बरण्या होत्या आणि ब्लीच लिहिलेल्या डावीकडच्या बरणीवर लाल फुली होती. खाली मजकूर एवढाच: उरलेलं आम्ल बरणीत ओता.

ब्लीचमध्ये आम्ल पडलं की विषारी वायू निघतो, हे तिलासुद्धा ठाऊक होतं. बाकीच्या मुलांना फुली डोळ्यांनी दिसत होती, तेव्हा तोंडाने सांगायचं कुणाला सुचणार? तिने रॉझला फोन लावला. वाजत राहिला. कोट तसाच खुर्चीवर टाकून ती बर्फातून पळत सुटली. घसरली, गुडघा फुटला, उठून पुन्हा पळाली. देवा, त्या पोरीला काही होऊ देऊ नकोस, एवढंच तिच्या मनात होतं.

प्रयोगशाळेत रॉझ टेबलापाशी उभी होती. एका हातात आम्लाचं भांडं, दुसऱ्या हाताने ती डावीकडच्या बरणीचं तोंड चाचपत होती. मार्लिसने धावत जाऊन रॉझचं मनगट घट्ट धरलं.

"कोण आहे?"

"मी, मार्लिस. ओतू नकोस. त्यात ब्लीच आहे."

"पानात तसं काही नव्हतं."

"चित्रात होतं गं. मी त्याला शोभेचं केलं."

रॉझने भांडं अगदी हळू खाली ठेवलं. गेली दोन वर्षं ती मार्लिसचीच पानं ऐकून शिकत आली होती.

"आणखी काय काय शोभेचं केलंस, मार्लिस?" तिने विचारलं.

मार्लिसला आठवेना.