गोंद गेला, बदक राहिलं

बातमी आली तेव्हा मी इथे आखातात, आमच्या शहरातल्या हमरिया भागात, इब्राहिमभाईंच्या चपलांच्या दुकानात होते. लेकीच्या शाळेचे बूट घेऊन झाले होते आणि सवयीप्रमाणे मी हात पुढे केला होता, "पुड्या द्या." बुटांच्या खोक्यात ओल धरू नये म्हणून चिमुकल्या पांढऱ्या पुड्या टाकतात ना, वर 'खाऊ नये' असं छापलेल्या, त्या. इब्राहिमभाई मूळचे श्रीवर्धनचे. गिऱ्हाईक फेकून देईल ती प्रत्येक पुडी ते काचेच्या बरणीत टाकायचे आणि बरणी भरली की आमच्या दिलीपदादांना फोन करायचे. त्या दिवशी बरणी काठोकाठ भरली होती. तेवढ्यात दादांच्या बायकोचा, शैलावहिनींचा फोन आला. रडत नव्हत्या. "अगं, हे गेले. सकाळी चहा मागितला, मी घेऊन आले तर..." इब्राहिमभाई माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय झाला गो बाय?" मी सांगितलं. त्यांनी त्या बरणीचं झाकण घट्ट लावलं.

दिलीप खांबेटे म्हणजे अस्सल पुणेकर. तेलविहिरींची यंत्रं बघणारे इंजिनियर, मवालेहला आमच्याच इमारतीत, अगदी आमच्या डोक्यावर राहणारे. जन्मात अंडं खाल्लं नाही, आणि छंद कसला, तर बदकांच्या शिकारीची तिकिटं जमवायचा! अमेरिकेत बदकं मारायची असतील तर दरवर्षी पोस्टाच्या तिकिटासारखं एक तिकीट विकत घ्यावं लागतं. त्यावर बदकाचं देखणं चित्र असतं, शिकाऱ्यानं त्यावर सही करायची. पत्राला ते चालत नाही. विक्रीच्या पैशातून तळी आणि पाणथळ जागा राखतात. दादांचा पहिला साहेब अमेरिकन, शिकारीचा शौकीन. एकदा पाकीट आवरताना गेल्या वर्षीचं तिकीट तो टाकून देत होता, दादांनी मागून घेतलं. तिथून जे वेड लागलं ते लागलं. मी म्हणायची, "दादा, हे म्हणजे माळकऱ्यानं खाटकाच्या पावत्या जमवण्यासारखं आहे." ते चिडायचे नाहीत, हीच तर पंचाईत. "अगं, शिकाऱ्याच्या पैशावर तळं जगतं. तळं जगलं की बदक येतं. तुला कळायला काय हरकत आहे?"

हिवाळ्यात ते आमच्या पोरांना घेऊन अन्साबच्या तळ्यांवर जायचे. सांडपाणी शुद्ध करून सोडलेली तळी ती, पण पाहुणे काय एकेक! लांब शेपटीचं तलवार बदक दिसलं की दादा पोरांना थांबवायचे. मग खिशातून तिकिटाचा फोटो काढून पोरांपुढे धरायचे. माझी लेक ओरडायची, "काका, सेम! सेम आहे तो!" दादा म्हणायचे, "हळू. आपण त्यांच्या घरी आलोय." इंग्रजी शाळेतल्या आमच्या पोरांना मराठीतली वारांची नावं नीट येत नाहीत, पण थापट्या आणि तलवार ही बदकांची नावं बरोब्बर येतात. हे श्रेय दादांचंच, त्यात वाटेकरी नाही.

आता एका उन्हाळ्याचं सांगते. आम्ही सगळे इथले मराठी लोक जूनमध्ये देशात जाताना एक गोष्ट न चुकता करतो... मेन स्विच बंद. बिल कशाला वाढवायचं? काटकसर आमच्या रक्तातच आहे. दादांनीही तेच केलं. ऑगस्टमध्ये परत आले तर बंद घरात समुद्राची दमट हवा आणि भट्टीसारखा उकाडा. मी डबा द्यायला वर गेले तर वहिनी आल्बम मांडीवर घेऊन रडत होत्या. तिकिटांमागचा गोंद ओलावून एकूण एक तिकीट पानाला घट्ट चिकटलं होतं. दादांनी काय करावं? स्वयंपाकघरातून परात आणली, पाणी ओतलं आणि पानंच्या पानं आत सोडली. मी ओरडलेच, "अहो, गोंद जाईल! गोंद गेला की तिकिटाला कुत्रं विचारत नाही, तुम्हीच सांगता ना?" ते पानं बुडवतच राहिले. थोड्या वेळानं बदकं एकेक करून कागद सोडून वर आली. दादांनी चिमट्यानं एक उचललं आणि उलटं केलं. बऱ्याच तिकिटांच्या मागे, गोंदावरच, सही केल्याशिवाय शिकार करायची नाही असा नियम छापलेला असतो. तो गोंदाबरोबर विरघळून गेला होता. मागची बाजू कोरी करकरीत. दादा चक्क हसायला लागले. "बघ, शिकारीचा हुकूम पाण्यात गेला. गोंद गेला, बदक राहिलं!" मग टिपकागदात घालून, वर पोळपाट ठेवून वाळवली सगळी. वहिनींना म्हणाले, "शैला, पोळ्या आज बाहेरून."

त्या दिवसापासून आल्बम ठेवलेल्या त्यांच्या मागच्या खोलीतला एसी कधीच बंद झाला नाही. आणि त्या दिवसापासून इथल्या अख्ख्या मराठी मंडळाला पुड्या जमवायचं काम लागलं. बुटांतल्या, पर्सांतल्या, औषधांच्या बाटल्यांतल्या. मेच्या उन्हात दादा गच्चीवर त्याच परातीत पुड्या वाळत घालायचे, जसे आपण सांडगे घालतो. मी खालून टोमणे मारायची, "दादा, चोवीस तास एसी! बिल कोण भरणार?" वरून उत्तर यायचं, "अगं, बदकं पाहुणी आहेत. त्यांना उकाड्यात ठेवू?"

ते गेले आणि वहिनींचा इथला व्हिसाही संपला, तो नवऱ्याच्या नोकरीवरच होता. घर रिकामं करणं आलं. सामानाची त्यांना फिकीर नव्हती. घोर होता तो बदकांचा. पुण्याच्या घराला पावसाळ्यात भिंतींना ओल येते. "ह्यांनी पाण्यातून वाचवलेली, आणि माझ्या हातून सडली तर..." एवढंच म्हणत राहायच्या. टोरांटोहून केतकी, त्यांची लेक, म्हणाली, "आई, होल कलेक्शन कुठल्यातरी डीलरला देऊन टाक ना." माझंही ठाम मत होतं की संग्रह फोडायचा नाही. रुवीतल्या तिकिटांच्या एका जाणकाराकडे मीच घेऊन गेले. त्यानं भिंगातून मागच्या बाजू पाहिल्या आणि आल्बम मिटला. "गोंद नाही ताई."

तेराव्यानंतर वहिनींनी ज्यांनी ज्यांनी पुडी आणून दिली होती त्या सगळ्यांना बोलावलं. प्रत्येकाच्या हातावर एक डबी. आत एक बदक, एक पुडी. मी भडकले. "वहिनी, माणसानं जन्मभर गोळा केलं आणि तुम्ही खिरापत वाटताय?" वहिनी शांतपणे म्हणाल्या, "एका घरात ठेवली तर एका उन्हाळ्यात सगळी जातील. एवढ्या घरांतले एसी एकदम कोण बंद करणारे?" मी डबी उघडली. मला थापट्या मिळाला. इब्राहिमभाईंना तलवार बदक. त्यांनी ते निरखून पाहिलं. "हा आमच्या खाडीवर येतो वहिनी. खोटा कशाला बोलू... खाल्लंय पन." वहिनी त्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आता ते बदक दुकानात, पुड्यांच्या बरणीतच असतं. साहेबाच्या सहीचं पहिलं तिकीट तेवढं वहिनींनी स्वतःकडे ठेवलं.

परवा त्या पुण्याला निघाल्या. टॅक्सी खाली उभी, सामान गेलेलं, आणि मागच्या रिकाम्या खोलीत एसी चालूच. वहिनी बटणापाशी गेल्या, थांबल्या, मग मला म्हणाल्या, "इतकी वर्षं तूच ओरडत होतीस ना? घे, कर बंद." मी हात वर केला. नाही झालं माझ्याच्यानं. दादांची आठवण मला तोवर आली नव्हती असं नाही, पण रडू आलं ते तेव्हा, त्या बटणाखाली उभं राहून. म्हटलं, "राहू दे वहिनी. चावी द्यायच्या आधी मी येऊन करते."

घरमालकाला चावी उद्या द्यायची आहे. आत्ता दुपारी हे लिहिताना वरच्या एसीची घरघर माझ्या खिडकीतून ऐकू येतेय. खोलीत एकही बदक नाही. बिल मी भरणार आहे.