टोपीवाले ठेकेदार यांस

माझे यजमान चिमणीच्या बांधकामावर लोखंड बांधायला होते. भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. कमरेला पट्टा दिल्याशिवाय वर चढणार नाही, असं हे म्हणाले आणि ठेकेदाराने यांना कामावरून काढलं. तक्रारीचा अर्ज मी लिहिला. आमच्या कॅम्पात चौथी पास बाई मी एकटीच, आणि त्याचा मला ताठाही होता.

कामगार कोर्टात ठेकेदार एकाही तारखेला फिरकला नाही. निकाल एकतर्फी लागला, यांना कामावर परत घ्या. मी शेजारणींना गूळ वाटला. सोमवारी कामावर जायचं होतं, त्याआधीच दुसरा कागद आला. ठेकेदार म्हणत होता, मला नोटीसच मिळाली नाही, निकाल रद्द करा.

"खोटं बोलून राहिला," हे म्हणाले. यांना वाचता येत नव्हतं.

मी कागद पुन्हा वाचला. त्यात ठेकेदाराचं नाव भलतंच होतं. तो सदा हॅट घालायचा म्हणून सगळी साइट त्याला टोपीवाले म्हणायची. 'वाले' लागलेली आडनावं आमच्याकडे पैशाला पासरी. हेही आडनावच, असं धरून मी अर्जात ठोकून दिलं होतं. नोटीस त्याच नावाने गेली होती.

यांना सांगायचा धीर झाला नाही. पीठ मळतामळता उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची. एकदा भाजी चुलीवर ठेवून नळावर गेले ती रिकामी घागर घेऊनच परत आले. हे चिडायचे. "कावून येरझारा घालून राहिली व?" मी म्हणायची, काही नाही. माझ्या एका शब्दापायी यांचं काम जाणार होतं आणि मी काही नाही म्हणत होते. त्याचा मला अजून राग येतो.

तारखेला रायपूरला कोर्टात गेलो. ठेकेदार हॅट मांडीवर घेऊन बसला होता. जज्जसाहेबांनी आमचा अर्ज वर धरला. "ये टोपीवाले किसने लिखा?"

हे उठायच्या आत मी उठले. घाबरून मराठीच तोंडातून निघालं. "मीनं लिवलं, साहेब. मले वाटलं, आडनावच हाय ते."

कारकुनाने हिंदीत सांगितलं तेव्हा ठेकेदारही हसला. निकाल रद्द झाला. खऱ्या नावाने नोटीस काढा, सगळं पहिल्यापासून. सोमवारचं काम गेलं ते गेलंच.

परत भिलाईच्या पावर हाउस स्टेशनावर उतरलो. मीच म्हणाले, "माहंच चुकलं."

"दोन वरसं त्याच्या हाताखाली होतो. मले तरी कुठं ठाऊक होतं त्याचं नाव?" थोडं चालून यांनी विचारलं, "त्याच्या कागदात माहं नाव कसं लिवलं हाय?"

मी पिशवीतून कागद काढला. यांचं नाव, वडिलांचं नाव, गाव, सगळं काना-मात्रा धरून बरोबर होतं. साइटवर दोन वर्षं तो यांना 'ए नागपुरी' म्हणून हाक मारायचा, आणि आम्ही नागपूरचे नव्हतोच. कामावर घ्यायचं नाही म्हटल्यावर मात्र त्याला पुरं नाव सापडलं होतं.

"पुरं हाय?"

"पुरं हाय."

"पुन्हा वाच," हे म्हणाले, आणि रस्त्यातच उभे राहिले.