दार लावून केलेला उपवास

माझी मावशी रफूचं काम करते. कोटाला, शालीला, गणवेशाला पडलेलं भोक ती असं भरते की ते कुठे होतं हे मालकालाही सापडत नाही, आणि मग 'काम झालंय ना नक्की?' असं तोच तिला विचारतो. स्वभाव मात्र तिच्या टाक्यांसारखा मऊ नाही. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, ही म्हण आमच्या घरात तिच्यासाठीच राखून ठेवली आहे.

ईस्टरआधीचा उपवासकाळ आला की हा पीळ आणखी घट्ट व्हायचा. दुपारचं जेवण बंद, साखर बंद, आणि बाकीच्यांच्या ताटांवर करडी नजर. तिचे यजमान, आमचे काका, बस चालवायचे. ते उपवासाच्या वाटेला जात नसत. भरल्या ताटावर बसून म्हणायचे, "देव भावाचा भुकेला आहे, मी पावाचा." मावशी डोळे वटारायची आणि त्यांना आणखी एक पाव वाढायची.

या वर्षी काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, आवाज कुजबुजीपुरता उरला आणि गिळणं गेलं. पोटात बसवलेल्या नळीतून पातळ अन्न जायचं. डॉक्टर म्हणाले, गिळणं परत येईल की नाही ते सांगता येत नाही. मावशीने त्यातलं 'येईल' एवढंच ऐकलं. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी ती कपाळावर राख घेऊन घरी आली ती देवाशी सौदा करूनच. ईस्टरला काकांनी एक घास गिळायला हवा. तोवर ती संध्याकाळी पाण्याबरोबर पावाचा तुकडा खाणार, बाकी काही नाही. तोही स्वयंपाकघराचं दार लावून, काकांना वास जाऊ नये म्हणून.

मी जवळच राहते. कामावरून येताना रोज डोकावते. उपवासकाळ निम्मा सरला असेल, एका संध्याकाळी मावशी सुईत दोरा ओवत होती आणि दोरा दर वेळी सुईच्या शेजारून जात होता. मांडीवरच्या कोटाच्या बाहीवर तिचे टाके चक्क दिसत होते. मला रागच आला.

"मावशी, तू आडवी झालीस तर काकांचं कोण करणार?"

"होत नाही मी आडवी."

"फादरांना विचारलंस?"

"विचारलं." सुई बाजूला ठेवत ती म्हणाली, "ते म्हणतात, उपवास म्हणजे देवाकडे भरलेली फी नव्हे. पोट रिकामं झालं की माणसाला कळतं, आपण एकट्याने पुरे पडत नाही. मग देव आठवतो, शेजारचं माणूस आठवतं. त्यासाठी असतो तो."

"मग?"

"मग काय? त्यांच्या घरात कुणाचं गिळणं गेलंय?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून काकांनी पलंगाच्या दांड्यावर बोटं वाजवली. आवाज गेला होता, कान शाबूत होते. आम्ही दोघी आत गेलो.

"दार का लावतेस?" त्यांनी मावशीला विचारलं.

"तुम्हाला वास येईल. जीव तळमळेल."

"येऊ दे." त्यांनी दम घेतला. "घास गेला, त्याचं फार नाही वाटत. पण जेवायच्या वेळी तू समोर असायचीस. आता नळी लावतेस आणि जातेस आत. मी भिंतीकडे बघत बसतो. उपवास तुझा, आणि उपाशी मी."

मावशीचा चेहरा उतरला. "मी देवाला शब्द दिलाय," ती म्हणाली. "तो मोडला, आणि त्यामुळे तुमचं गिळणं नाही आलं तर?"

म्हणजे इतके दिवस आम्ही ज्याला हट्ट म्हणत होतो, ती भीती होती.

"नाही आलं तर नाही आलं," काका म्हणाले. "तू तरी समोर हवीस ना."

मी बटाट्याचं सूप गरम करून आणलं. मावशी वाटी घेऊन पलंगाशी बसली, पण चमचा काही उचलेना. शेवटी काकांनीच तो तिच्या हातून घेतला. पहिल्या चमच्यातलं अर्धं सूप चादरीवर गेलं. एरवी तिने तेवढ्यावरून घर डोक्यावर घेतलं असतं.

"हा घास चिऊचा," ते कुजबुजले. मावशीने तोंड उघडलं.

"हा काऊचा."

"पुरे आता. मी काय तान्ही आहे?" ती म्हणाली. डोळ्यांतलं पाणी मात्र तिने पुसलं नाही.

काकांनी तिसरा चमचा भरला आणि जरा वेळ तो स्वतःच्याच तोंडासमोर धरला. वाफ त्यांच्या ओठांवर येत होती. मग तो त्यांनी तिच्याकडे नेला.

"हा माझा."

मावशीने तो घेतला. घास खाली उतरेपर्यंत काकांची बोटं तिच्या गळ्यावर अलगद टेकलेली होती.